लोकरीनं शिवलेली गुंडी

शालूबाईंचा शिवतेज सांगलीच्या तुरुंगात होता आणि त्याचे मळके कपडे कुणी धुवायचे, यावरून घरात सासूसुनेचा अबोला चालू होता.

गुन्हा पाण्याच्या पाळीवरून घडला. इस्लामपूरजवळ त्यांच्या उसाच्या बांधावर भावकीतल्या एकाशी जुंपली आणि शिवतेजच्या हातातलं खोरं समोरच्याच्या डोक्यात बसलं. माणूस वाचला, पण खटला उभा राहिला आणि जामीन काही मिळेना. खटला चालू असलेल्या कैद्याच्या अंगावर घरचेच कपडे असतात. त्यामुळे मुलाखतीला जाताना धुतलेले न्यायचे आणि येताना मळके आणायचे, असा क्रम पडला होता.

शालूबाईंचे मालक जोतीराम फौजेत होते. निवृत्त होऊन आले आणि थोड्याच दिवसांत गेले. मुलगा शालूबाईंनी एकटीनं वाढवला. त्याच्या शाळेच्या सदऱ्याची कॉलर त्या अंगठ्यानं घासून काढत. मग लग्न झालं. वाईहून आलेल्या रेश्मानं पहिल्याच आठवड्यात, "आत्ती, राहू द्या, मी मशीनला लावते," म्हणत ते कपडे त्यांच्या हातातून घेतले. यावर भांडायचं तरी कसं? सून काम करते, अशी तक्रार कुणी करत नाही. पण दोरीवर वाळणारे मुलाचे सदरे बघून त्यांना जेवण गोड लागत नसे. तो तुरुंगात गेल्यावर, आता तरी कामांच्या वाटण्या नव्यानं होतील, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची त्यांना लाज वाटली. पण तो गेला नाही.

मुलाखतीच्या खोलीत मध्ये काच होती आणि अलीकडे टेलिफोनचा एकच रिसिव्हर. तो रेश्मा आधी उचलायची. शालूबाई तिच्या खांद्यामागून मुलाच्या ओठांकडे बघत राहायच्या. तो हसला की वाटायचं, आपल्या वाट्याचं हसू ही घेऊन चालली. रिसिव्हर त्यांच्या हाती येईपर्यंत मुलाचं बोलणं संपलेलं असायचं.

मागच्या खेपेला मात्र त्यांनी एक गोष्ट हेरली होती. शिवतेजच्या पांढऱ्या सदऱ्याची छातीवरची गुंडी तुटली होती आणि रेश्माच्या ते ध्यानात आलं नव्हतं. शालूबाई कुणाला बोलल्या नाहीत. घरी जुन्या डब्यातून त्यांनी तशीच गुंडी शोधून काढली आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवली. आज तो सदरा मिळाला की रेश्माचा हात लागायच्या आत गुंडी लावून टाकायची.

रिसिव्हर मिळताच त्या म्हणाल्या, "तुजा पांढरा सदरा पिशवीत घातलास न्हवं? गुंडी लावायची हाय."

"घातलाय. पर गुंडी लावली की! बिराप्पामामांनी."

"कुणी?"

"जतकडचं म्हातारं हाय, मेंढरंवालं. त्यास्नी भेटाय कुणी येत न्हाई. शिपायाकडनं सुई मागून घेतली आन घोंगड्याची लोकर उपसून लावली. लय मायाळू माणूस, आई."

"मला भाऊ न्हाई, आन तुला मामा कुठनं आला रं?"

तो हसला. तेच हसू, जे रेश्मासाठी असायचं. अबोला विसरून शालूबाईंनी मागे वळून सुनेला सगळं सांगितलं. रेश्माचा चेहरा पडला. "सुई मागायची होती तर मला का नाही सांगितलं?" ती पुटपुटली. सुनेचं तोंड उतरलेलं बघून शालूबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग जाणवलं, आपलंही तोंड तसंच झालंय.

घरी आल्यावर त्यांनी सदरा अंगणात आणून मांडीवर पसरला. पांढऱ्या कापडावर काळ्या लोकरीचे जाड टाके. शालूबाईंनी ब्लेड लावलं, पण ते टाक्यांखाली शिरेना. म्हाताऱ्यानं खालून वेढे देऊन गाठ मारली होती.

रेश्मा पायरीवरून बघत होती. अखेर तिलाच राहवलं नाही. "कापड फाटेल, आत्ती. मी ताणून धरते."

एकीनं धरलं, दुसरीनं उसवलं. सुईत दोरा ओवायला शालूबाईंची नजर पुरेना, तेव्हा रेश्मानं ओवून दिला. पदरातली गुंडी जागेवर बसली.

"घट्ट शिवा," रेश्मा म्हणाली. "नाहीतर त्या मामांना पुन्हा निमित्त मिळेल."

पुढच्या मुलाखतीला शिवतेज तोच सदरा घालून आला. रिसिव्हर आज रेश्मानं आधी सासूच्या हातात दिला.

"आई, मामांची गुंडी का काढली? त्यांनी बघितली. लय वाईट वाटलं त्यास्नी."

"आमी काढली," शालूबाई म्हणाल्या. 'आमी' म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. शिवतेज काचेआडून एकटक बघत होता. त्यांनी नजर चुकवली. "त्याला म्हणावं, तुजं फाटकं-उसवलं काय असंल ते दे बाहीर. आमी शिवून देतो. उपकार ठेवायचं न्हाईत कुणाचं."

त्याच्या पुढच्या खेपेला मिळालेल्या पिशवीत बिराप्पाचा जाडाभरडा सदरा होता. त्याला एकही गुंडी नव्हती.

तो धुवायला मात्र दोघींपैकी कुणीच पुढे येईना.