राजाचा लाकडी गुडघा

मी इंजिनिअर माणूस. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगावर पाल पडली तर शुभ-अशुभ न बघता मी थेट बायकोला हाका मारतो... हसा खुशाल. पण हे घडलं ते आमच्या केलीव्हिलच्या घरात, शनिवारी, भर दुपारी तीन वाजता.

बाबा गेल्यावर आईला पुण्याहून इकडे परदेशात आणलं. जेवायची, फिरायची, पण सात महिने एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, दोष काही नाही, वाट बघा.

शेजारी हानाबाई राहतात. मूळच्या चेक, ऐंशीच्या, एकट्या. त्यांनी एकदा केक दिला. आता डबा रिकामा कसा परत करायचा? आम्ही बेसनाचे लाडू घातले. मग त्यांनाही तीच सवय लागली! एकदा गोड काही नव्हतं म्हणून त्यांनी डब्यात डीव्हीडी घालून पाठवली – परीकथेवरचा जुना चेक बाहुलीपट. संवाद एकही नाही, नुसतं संगीत. बाहुल्यांची तोंडंसुद्धा हलत नाहीत.

माझी आठ वर्षांची मिहिका वैतागली. "डॅड, नोबडी इज टॉकिंग!"

तेवढ्यात पडद्यावरचा राजा खिडकीशी आला, आणि आई जाड्या आवाजात म्हणाली, "पाऊस येणार गं. माझा गुडघा लाकडाचा, तरी मेला दुखतोच!"

माझा चहा सोफ्यावर सांडला. (तो विषय घरात अजून निघतो.) आई शेवटपर्यंत सगळ्यांचे संवाद म्हणत होती. सिनेमा संपला, पुन्हा गप्प.

आनंदाने हानाबाईंकडे धावलो. राजाचं वाक्य इंग्रजीत सांगितलं मात्र... त्यांनी माझं मनगटच धरलं.

"हू टोल्ड यू दॅट?"

मुलं लहान असताना त्यांचे यजमान याच सिनेमाला मनाचे संवाद घालायचे. गुडघ्याचं वाक्य त्यांचंच. ते जाऊन अकरा वर्षं झाली. मुलं पर्थला, आम्ही त्यांना कधी भेटलेलोही नाही.

हानाबाई लगेच आल्या, सिनेमा पुन्हा लावला. आई मराठीत बोलत होती. हानाबाईंना मराठीचा गंध नाही, तरी त्या नेमक्या जागी हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

त्या गेल्यावर मी आईजवळ बसलो. "आई, तुला कसं गं कळतं हे?"

"तो बोलतो, मी सांगते." मग सात महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. "त्यांचा माणूस बोलतो रे, बाळा. तुझे बाबा का नाही बोलत?"

बाहुल्यांचं कोडं मला सुटलेलं नाही, सुटेल असंही वाटत नाही. ते राहू दे... पण आईला काय सांगू, एवढं कुणाला माहीत असेल तर कळवा.