दाजींची क्रियापदं

बातमी सकाळीच आली. मी बीडला कामावर निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात अक्काच्या शेजारणीचा फोन आला. "शोभाताई, सर गेले. तुमी लगेच या." अक्का स्वतः का बोलत नाही, हे विचारायचंही सुचलं नाही. गेवराईपर्यंत एसटीत खिडकीशी बसून होते, पण रडू आलं नाही. दाजी थोडे थोडे करून आधीच गेले होते, उरलेले तेवढे आज गेले... असंच काहीसं वाटत होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिंबागणेशकडच्या मेंढपाळ घरात जन्मलेला हा माणूस शिकून हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झाला. आमच्या गावात सातवीपुढं शाळा नव्हती, म्हणून मी अक्काकडं राहायला आले आणि त्यांच्याच वर्गात बसले. क्रियापदाची तीन रूपं ते अख्ख्या वर्गाकडून तालात म्हणवून घेत. सरळ क्रियापदं म्हणजे कळपामागं निमूट चालणारी मेंढरं, म्हणायचे, आणि वाकडी म्हणजे चुकार मेंढी, तिला नावानंच हाक मारावी लागते. 'गो' शिकवताना "आय गो" म्हणत दाराकडं चालू लागायचे, उंबरा ओलांडायचे आणि बाहेरून ओरडायचे, "ही हॅज गॉन!" पोरं खिदळायची. मी एकदा घरी विचारलं, "दाजी, 'गो'चं 'गोड' कावून होत नाही? 'वेंट' कुठून आलं?" भाकरीचा घास हातात धरून ते म्हणाले, "बाई, गोड आसतं तर त्याला इंग्रजी कशाला म्हणलं आसतं!" अक्का चुलीपुढं बसून हसली होती. तिला इंग्रजीतलं ओ की ठो येत नव्हतं, पण भिंतीपलीकडच्या शाळेतून येणारी ती घोकंपट्टी ऐकतच तिचा संसार झाला.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी दाजींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. अक्काचं नाव घ्यायला जायचे, ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, पण शब्द काही फुटायचा नाही. पोराचं नाव नाही, देवाचं नाही, पाणी नाही. मग एके सकाळी अक्का त्यांना शिरा भरवत असताना ते अचानक स्पष्ट म्हणाले, "ईट, एट, ईटन." अक्काच्या हातातला चमचाच पडला. त्यानंतर हळूहळू एकेक क्रियापद परत येऊ लागलं. तिन्ही रूपं, त्याच जुन्या तालात. बाकी काहीच आलं नाही.

आम्ही त्यांना संभाजीनगरला वाचाउपचार करणाऱ्या बाईंकडं नेलं. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आयुष्यभर घोकलेलं असं एकटंच मागं राहतं. कुणाचे पाढे राहतात, कुणाची आरती, कुणाच्या शिव्या. ते जिभेवर आपोआप येतं, त्यांना काही सांगायचंच असतं असं धरू नका. मी हे अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना काय म्हाईत? त्यांनी संसार केलाय का ह्यांच्यासंगं?"

तिनं त्या क्रियापदांचीच बोली केली. 'ईट' म्हणाले की जेवण, 'ड्रिंक' म्हणाले की पाणी, 'स्लीप' म्हणाले की ती अंथरूण झटकायची. मला फोन करून अर्थ विचारून घ्यायची. पुष्कळदा जमायचं. पुष्कळदा नाही. एकदा त्यांचं 'स्लीप, स्लेप्ट, स्लेप्ट' ऐकून तिनं त्यांना निजवलं आणि त्यांना लघवीला जायचं होतं. ओल्या धोतरात ते भिंतीकडं तोंड करून रडत राहिले. गल्लीतली पोरं तर खिडकीशी येऊन नुसतं "सर, गो!" म्हणायची. दाजींना थांबता यायचं नाही. "गो, वेंट, गॉन... गो, वेंट, गॉन..." डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंड आपलं चाललंय. अक्का लाटणं घेऊन धावायची. परत आली की त्यांच्या तोंडावर तळहात ठेवून बसायची, ते थांबेपर्यंत.

मी पोचले तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती. अक्का कोरडी ठणठणीत बसली होती. दहावा झाला, पाहुणे पांगले, अक्काचा मुलगा आंघोळीला गेला, तेव्हा मला जवळ ओढून तिनं विचारलं, "शोभे, 'ब्रेक'चा अर्थ काय गं?"

"मोडणं. तुटणं. का?"

तिचा चेहरा पांढराफटक झाला. "त्या दिवशी उठल्यापसनं तेच चाललं व्हतं. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. डोक्याला हात लावून म्हणायले व्हते. मला त्यो शब्द ठावं न्हवता. म्हणलं, च्या गाळते अन् मग शोभीला फोन करून इचारते. च्या घेऊन आले तर मान कलती झाल्याली..." तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "आतमंदी कायतरी तुटलं व्हतं, ते मला सांगायले व्हते. अन् मी च्या गाळीत बसले."

तिचं ते बघवेना. मी घाईनं म्हणाले, "अक्का, आसं काही नसतं. त्या बाईंनी सांगितलं नव्हतं का? त्या शब्दांना अर्थ नव्हता. नुसतं पाठांतर होतं ते. दाजी काही सांगत नव्हते."

अक्कानं माझं मनगट सोडलं.

"न्हवते सांगत?" ती म्हणाली. "मग इतके दिस मी कुणाशी बोलत व्हते?"

एक तर तिनं नवऱ्याची शेवटची हाक ओळखली नाही, नाही तर त्यानं तिला कधी हाक मारलीच नव्हती... यातलं तिच्या पदरात काय टाकावं?

अक्का उठली. दाजींच्या खाटेवरची चादर तिनं काढली, दारात नेऊन झटकली आणि आणून पुन्हा तशीच अंथरली. मी परवा गेले तेव्हाही ती तशीच अंथरलेली होती. अक्का खाली जमिनीवर निजते.