नोंद नसलेली वाचक

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पांढुर्ण्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. घर मोहगावला, खोली इथं भाड्याची. घरी पैसे पाठवून जे उरायचं त्यात रॉकेल आणि तूरडाळ जेमतेम बसायची, पुस्तकं विकत घ्यायचं तर नावच नको. म्हणून नगरपालिकेचं वाचनालय ही माझी एकुलती एक चैन. शाळा सुटली की जिना चढून थेट पंख्याखालची खुर्ची धरायची आणि कुणी उठवेपर्यंत उठायचं नाही, असा माझा नेम होता.

हॉलभर हिंदी पुस्तकं होती. कोपऱ्यात मात्र एक कपाट मराठीचं. गाव हिंदी राज्यात, सीमेलगत; बोलणं मराठीत असलं तरी शाळा-कचेरी हिंदीत चालायची, त्यामुळे त्या कपाटाकडे कुणी फिरकत नसे. मी म्हणजे त्याची मालकीणच झाले होते.

पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हावं लागे, आणि त्यासाठी गावात स्वतःचं घर असलेला जामीनदार हवा. माझ्या घरमालकानं वाचनालयापायी सही द्यायला साफ नकार दिला. ही रड मी ग्रंथपालकाकांना सांगितली. पिकलेल्या मिशांचे, वडिलांच्या वयाचे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"तुह्यासाठी कायची नोंद? तू त घरचीच पोरगी. घेऊन जाय, शनिवारी आणून देजो."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी दोन वर्षं पिशव्या भरभरून पुस्तकं नेली आणि आणली. दिवाळीला काकांना घरची संत्री दिली. माझ्यावर इतका विश्वास टाकणारं माणूस गावात आहे, याचा मला गर्व होता. रजिस्टरात माझं नाव नाही, हे तर मला मानाचंच वाटायचं.

एका उन्हाळ्यात मी चार दिवस मोहगावला जाऊन परत आले, तर कोपऱ्यात कपाट नव्हतं. तिथं टेबलावर नवाकोरा टीव्ही होता आणि माझ्या खुर्चीत कुणीतरी पाय वर घेऊन बसलं होतं. काकांना विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं की पुस्तकं पोत्यांत भरून जिल्ह्याला गेली, वरूनच ऑर्डर आली, आपल्या हातात काय असतं. माझा विश्वास बसावा म्हणून त्यांनी फाईलच पुढे सरकवली.

ऑर्डर होती खरी. पण तिच्याखाली टाचलेला, काकांच्या ध्यानातून सुटलेला अर्ज त्यांच्याच अक्षरात होता. टीव्हीसाठी जागा हवी, सबब मराठीचं कपाट हलवावं, कारण "मराठी पुस्तकों का दो वर्षों से कोई पाठक नहीं है।" पुरावा म्हणून रजिस्टरातली मराठी पुस्तकांची कोरी पानं जोडली होती. ती पानं कोरी का होती, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी फाईल परत सरकवली. खोलीवर येऊन रडले आणि मग स्वतःवरच चिडले, कारण 'घरचीच पोरगी'चा तो गोडवा मीच हौसेनं चाटला होता.

आठ दिवसांनी काका स्वतः शाळेच्या फाटकाशी आले. जिल्ह्याला मोजणीत एक पुस्तक कमी भरलं होतं. ते माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी मी ते नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं, पण हात वरून काढला नाही.

"आधी रजिस्टरात माझं नाव लिहा. कधी नेलं, कधी आणलं. मग घ्या."

काकांनी पेन उघडलं. कोऱ्या पानावर नेलं. मग टोपण लावून टाकलं.

"आता लिहीन त माहा अर्ज खोटा पडन."

"मग मी वाचकच नाही ना, काका? जी वाचकच नाही, तिच्याकडे पुस्तक कुठून असणार?"

मी पुस्तक उचलून पिशवीत घातलं. टीव्हीपुढची माणसं वळून बघायला लागली. काका खालच्या आवाजात बोलले, आणि मला आजही वाटतं की ते अगदी मनापासून बोलले.

"पोरी, तुह्यावर भरोसा ठेवला होता मी."

मी पिशवी खांद्याला अडकवली. पुस्तक घेऊन जिना उतरले.