पाखरूशेठच्या दुकानाच्या फळ्या

पाखरूशेठचं दुकान उघडलं की गिऱ्हाइकाला आधी पाखरं दिसत आणि मग गूळ. त्या काळी दुकानांना दारं नसत, उभ्या फळ्या असत. सकाळी एकेक काढून ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायच्या. शेठजींच्या फळ्यांवर आतल्या बाजूनं खडूनं नावं लिहिलेली होती: टिटवी, खंड्या, चकवा, ढोक, पाणकावळा, धोबी. एक फळी पाखरांची नव्हती. तिच्यावर मगर, कासव, पाणमांजर आणि कोल्हा अशी मंडळी एकत्र नांदत. पहाटे तापीच्या काठानं फिरून आल्यावर जे दिसलं असेल त्याच्या नावापुढे शेठजी एक रेघ ओढत, हात झटकत आणि मगच गादीवर बसत. तोवर गिऱ्हाईक तेलाची बुधली हातात धरून ताटकळत उभं.

गावात त्यांची भरपूर थट्टा होई. पाटील तर रोजचे. "शेठ, मन्ही सासू सकायमा नदीवर गयती, तिले कोनती फयी?" असं ते भर बाजारात विचारत आणि शेठजी गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "मगरनी." ओट्यावर हशा पिके. शेठजी मात्र तोपर्यंत पुन्हा तराजूत डोकं घालून बसलेले असत.

मी वाईकडची. लग्न होऊन प्रकाशाला आले ती यांच्या शाळेतल्या नोकरीमुळे, आणि बिऱ्हाड मिळालं ते शेठजींच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. इथली अहिराणी मला सुरुवातीला एक अक्षर कळत नसे. शेठजींचे पणजोबा मारवाडातून आलेले, पण घरातलं बोलणं सोडलं तर शेठजी बोलत इथलंच. मला ते 'मास्तरीनबाई' म्हणत आणि रोज सकाळी नदीची बातमी सांगत. "मास्तरीनबाई, आज चकवा उनात." पाहुणे आल्यासारखं सांगत. मग मीही नकळत विचारू लागले, किती आले, कुठं उतरले. यांना माझं हे वेड पटत नसे, पण घरमालकाशी गोडीत राहिलेलं बरं म्हणून ते गप्प बसत.

एवढं सगळं खडूनं लिहायचं आणि दिवाळीच्या पाडव्याला ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं, हे मला सहन होत नसे. माझा स्वभाव साठवणारा. मी एकदा तणतणून म्हटलंच, "अहो, वही काय महाग आहे का? वर्षभराचं सगळं पाण्यात!" शेठजी हसले. "वहीमा लिखं की हिसाब व्हस, मास्तरीनबाई. फयीवर लिखं की नुसती याद ऱ्हास." मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. वही असती तर मला ही माणसं, ती पाखरं आणि ते दिवस असे अंदाजानं आठवावे लागले नसते.

शेठजी जैन, आणि तेही कडक. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही. चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून मान खाली, आणि पाखरू दिसावं म्हणून मान वर. त्यामुळे त्यांचं चालणं म्हणजे कोंबड्यासारखं, दर दोन पावलांना मान हलवत. अनवाणी, खांद्यावर उपरणं, आणि मागे भुऱ्या. हा भुऱ्या गावातलाच बेवारशी कुत्रा. शेठाणी रोज पहिली भाकरी कुत्र्याला टाकी, ती खाऊन खाऊन तो घरचा झाला. पाखराच्या अंगावर तो कधी धावला नाही. शेठजी थांबले की हा वाळूत बसकण मारी. माझी शकू तेव्हा नुकती चालायला लागलेली. ती भुऱ्याचे कान धरून उभी राही आणि तो बापडा डोळे मिटून घेई. मला एक हात मोकळा मिळे, म्हणून मीही त्याच्या जिवावर निर्धास्त असे.

उन्हाळ्यात नदीच्या वाळूत भोई लोक कलिंगड-खरबुजांच्या डांगरवाड्या लावत. टिटव्यांची अंडी नेमकी तिथंच, उघड्यावर. शेठजी जिथं अंडी दिसतील तिथं भोवती काटक्या रोवून ठेवत. भोई कुरकुरत, "शेठ, आम्ही येल लावाना का पाखरू पायाना?" पण वेल मात्र काटक्यांना वळसा घालून पुढे नेत. जीव वाचवायचा म्हटला की या माणसापुढे कुणाचं काही चालत नसे. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. याच गुणानं पुढे घात केला, म्हणून हे सांगायला हवं.

मार्गशीर्ष महिना असेल. एका सकाळी भुऱ्या फिरून आला तो कान फाटलेला आणि नाकावर रक्त. शेठजी त्याला हळद-तेल लावत बसले होते. मी विचारलं, काय झालं. मान वर न करता ते म्हणाले, "बाभुयना काटा लागना." मी बरं म्हटलं आणि कामाला लागले. बाभळीचा काटा कान असा फाडत नाही, हे कुणाला कळलं नसतं? पण शेठजी खोटं बोलतील हे माझ्या मनातही आलं नाही.

काही आठवड्यांनी भुऱ्या बिघडला. आधी अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडू लागला, शेठाणीची भाकरी तशीच टाकू लागला. मग त्याचं भुंकणंच बदललं, गळा बसल्यासारखं. एका दुपारी शकू नेहमीप्रमाणे त्याचा कान धरायला गेली आणि त्यानं तिच्या मनगटाला तोंड घातलं. मी किंचाळले. शेठजी दुकानातून तसेच धावत आले, मध्ये हात घातला, आणि भुऱ्यानं त्यांच्या कोपराखालचा लचका तोडला. रक्ताळल्या हातानंच त्यांनी त्याला फरफटत नेलं आणि वखारीत कोंडलं. पाटील काठ्यांसह माणसं घेऊन आले, तर शेठजी वखारीच्या दाराला पाठ लावून उभे. "तो मरनारच शे. त्याले मरू द्या. मारू नका." दोन दिवस ते तिथं बसून होते. आतला आवाज थांबला तेव्हाच उठले.

त्याच दोन दिवसांत त्यांनी मला खरं सांगितलं. नदीवर चांगलं उजाडल्यावरही एक कोल्हा लडखडत आला होता, तोंडातून लाळ गळत होती. तो भुऱ्याला चावला. पिसाळलेला कोल्हा चावला म्हणून सांगितलं असतं तर गावानं भुऱ्याला त्याच दिवशी दगडांनी ठेचलं असतं. म्हणून ते गप्प राहिले. "मन्हाकडथून जीव घेवायना नही," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी एकुलती एक पोर मांडीवर, तिच्या मनगटावर दातांच्या खुणा, आणि समोर हा माणूस कुत्र्याच्या जिवाची गोष्ट सांगतोय! मी त्यांची घरमालक म्हणून, शेजारी म्हणून, वडीलधारे म्हणून, कसलीही भीड ठेवली नाही.

भुऱ्या मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. हे, मी, शकू आणि शेठजी. बैलगाडीनं उतारावरून, जिथं पाणी उथळ असे तिथून, तापी ओलांडली, पलीकडे मोटार धरली. शेठजींनी धर्मशाळेत सोय केली, शकूला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या रांगेत पहिल्यांदा तेच उभे राहिले. पोटात द्यायची ती इंजेक्शनं. शकूचं रडणं मला बघवत नसे म्हणून तिला तेच धरून बसत. तिच्या सुईनंतर त्यांची पाळी यायची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं की हे औषध कशाचं करतात. डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी सांगितलं, मेंढराला रोग टोचतात, ते मेलं की त्याच्या मेंदूपासून लस करतात.

शेठजींनी वर केलेला सदरा खाली ओढला.

डॉक्टरांनी समजावलं, यांनी समजावलं, मी तर दवाखान्याच्या व्हरांड्यात हातच जोडले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगीले सुई द्या, मास्तरीनबाई. ते पाप मन्हा माथावर. पन मन्हासाठे आखो एक जीव? एक कुत्रं वाचाडाले गयू तर हाई व्हयनं. आते मेंढरू मारीसन काय सुधारसू?" मी म्हटलं, "मेंढरू मेलेलंच आहे, शेठजी. तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते उठून चरायला जाणार नाही." शकूची इंजेक्शनं पुरी होईपर्यंत ते रोज तिला मांडीवर घेऊन बसले, आणि एकही दिवस स्वतःचा सदरा वर केला नाही. आम्ही निघताना डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, शेठजींना पाण्याची भीती सुरू झाली की आमच्या हातात काही नाही, मग त्यांना इथं आणू नका.

परत आल्यावर शेठजी एकटेच नदीवर जात. फळ्यांवर रेघा पडतच होत्या. जखम भरली, हातावर गुलाबी वण राहिला. मी रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते हसले की वाटायचं, सुटले. रागही होताच, अर्धा राग त्या गप्प बसण्याचा आणि अर्धा या हट्टाचा. शेठाणी मला म्हणे, "तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतस ते." मी सांगत होते. ते ऐकत नव्हते. शकू त्यांच्या ओट्यावर खेळायची आणि त्यांना ते पुरेसं वाटत असावं.

चैत्रात एका सकाळी ते नदीवर गेलेच नाहीत. फळ्याही निघाल्या नाहीत. शेठाणी बोलवायला आली म्हणून मी धावत गेले. ते वखारीजवळच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. चावलेल्या हाताला मुंग्या येतात म्हणून तो चोळत होते. शेठाणीनं गाळलेलं पाणी पुढे केलं. त्यांनी पेला तोंडाशी नेला आणि एकदम गळा आवळल्यासारखा झाला, पेला हातातून उडाला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत भीती मी पहिल्यांदाच पाहिली.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "माले धुयाले ली चला. मी सुई लेस."

मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते. आता काही उपयोग नाही, हे मला माहीत होतं, माझ्या यांना माहीत होतं. शेठाणीला नव्हतं. मी म्हटलं, "हो, चला शेठजी," आणि गाडी जुंपायला सांगितली. हे शाळा सोडून आले. आम्ही त्यांना उचलून गाडीत बसवलं. शेठाणी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

उतारावर आलो आणि बैलांच्या पायांनी पाणी उडालं, तसे ते असे कळवळले की आम्हा तिघांना धरवेनात. गाडीवाल्यानं गाडी मागे घेतली. त्यांनी स्वतःच उपरणं तोंडावर ओढून घेतलं, कान दोन्ही हातांनी दाबले आणि आतून म्हणाले, "हाक, हाक." पुन्हा गाडी पुढे, पुन्हा तेच. जायची इच्छा होती त्यांची, मनापासून होती, आणि अंग जाऊ देत नव्हतं. शेवटी शेठाणीनंच खाली उतरून बैलांच्या वेसणीला हात घातला आणि गाडी गावाकडे वळवली.

त्यांना वळल्याचं कळलं नाही. तोंडावर उपरणं तसंच होतं. कोरड्या रस्त्यानं गाडी लागली तसे ते थोडे शांत झाले, माझा हात घट्ट धरून ठेवला आणि मध्ये मध्ये विचारत राहिले, "पोचनूत का?"

"आलंच," मी म्हणत होते. "धुळं आलंच, शेठजी."