परतीच्या पुस्तकांचं टेबल

शालू गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर कळली. त्या गटावर एरवी पुस्तकांशिवाय दुसरा विषय नसतो. त्या दुपारीही कुणीतरी बागकामाचं एक पुस्तक परत आलं का म्हणून विचारलं होतं आणि त्याच्याच खाली शालूच्या मुलीचा, मृणालचा निरोप होता… आई आज सकाळी गेली. मी पुन्हा वर जाऊन बागकामाचाच प्रश्न वाचत बसले. खालचं वाचलंच नाही तर ते घडलेलं नसेल, असं क्षणभर वाटलं खरं. आता काही आठवडे उलटले, तरी ती आठवली की आधी ते कधीही न पाहिलेलं बागकामाचं पुस्तकच डोळ्यांपुढे येतं.

आम्ही ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातल्या मैत्रिणी. पुढे मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले आणि निवृत्तही झाले. ती आमच्याच शहरात, मनीषनगरकडच्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल झाली आणि तिथलीच होऊन राहिली. माझा जीव शिस्तीत अडकलेला. परत आलेलं पुस्तक लगेच कपाटात, आपल्या जागेवर गेलं पाहिजे. तिच्याकडे सगळा उलटा कारभार. दाराशी एक लांबट लाकडी टेबल होतं, त्यावर ती परत आलेली पुस्तकं दिवसभर पसरून ठेवायची. लोक आत येत ते थेट त्या टेबलाशीच. कपाटांकडे कुणी ढुंकून पाहत नसे. "काहून वं, हा भाजीबाजार मांडून ठेवला?" असं मी चिडवलं की ती हसायची. "कपाटातलं पुस्तक थंडं राह्यते वं. हे आत्ताच कोणाच्या तरी घरून आलं. गरम आहे अजून." आणि खरोखरच एखादं पुस्तक उचलून माझ्या हातात द्यायची… मीही वेड्यासारखी त्यावर तळवा ठेवून बघायची.

म्हणून तिला जुन्या वळणाची समजू नका. नव्या यंत्रांचं वेड आमच्या दोघींत तिलाच होतं. उन्हाळ्याच्या दुपारी हॉलमध्ये कूलरचा ओला वारा, वाळ्याचा वास, अर्धवट ओढलेले पडदे, आणि ती पुढच्या काळातल्या वाचनालयाबद्दल बोलत सुटायची. ऐकता ऐकता तंद्री लागायची. मी अजून तिथंच बसले आहे असं कधी कधी वाटतं. "डोळ्यानं अधू माणसाले पुस्तक सोताच वाचून दाखवन," ती म्हणायची. "कोणी आपल्या बोलीत नुसतं म्हणन, मले आज करमून नाही राह्यलं, तं यंत्र त्याच्यापुढं नेमकं पुस्तक आणून ठेवन." मग जरा थांबायची… "पण ते यंत्र तुले तुझ्याच आवडीचं देत राहीन वं. दुसऱ्याच्या आवडीचं तुले कोण देईन?" तिच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या पिढीपासून त्यांच्या घरात पुस्तक शेजारीपाजारी फिरत आलेलं. एकानं वाचलं, दुसऱ्यानं नेलं. वाचनालय म्हणजे तिच्या लेखी तेच मोठं झालेलं घर होतं.

मग ती यंत्रं खरंच आली. प्रत्येक पुस्तकात चिप चिकटवली गेली, भिंतीत परतीची पेटी बसली, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते फोनवर दिसू लागलं. शालू लग्नघरातल्यासारखी मिरवत होती. आणि पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. पुस्तक पेटीत पडलं की संगणक म्हणे, ते आपल्या कपाटात आहे. वाचक कपाटाशी जाऊन शोधशोध शोधी, आणि पुस्तक दाराजवळच्या टेबलावर मजेत पडलेलं! वाचनालयाचे सचिव भाऊसाहेब वैतागले. "मॅडम, सारी सिस्टीम बिघडून राह्यली त्याच्यानं. आता कायले पाह्यजे ते टेबल? काढून टाका."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती चहाला हात न लावता बसून राहिली. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "टेबल गेलं तं लोक फोनवर पुस्तक मागतीन, खिडकीतून घेतीन आन जातीन. मंग आपल्या वाचनालयात अन् वाडीतल्या कुरिअरच्या गोदामात काय फरक राह्यला, सांग मले?" शिस्तीच्या बाजूनं भाऊसाहेब बरोबर होते, आणि तरी ते टेबल जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

उत्तर तिनंच काढलं, आणि ते अगदी तिच्यासारखं होतं. तिनं संगणकात त्या टेबलाला कपाट करून टाकलं. कंपनीचा माणूस म्हणाला, टेबलाला कपाट कसं म्हणायचं? ती म्हणाली, "कपाटाले पाय असतात, याले बी आहेत. लिहा." तेव्हापासून परत आलेलं पुस्तक आधी टेबलावर असल्याचं फोनवर दिसू लागलं, आणि एक भलतीच गोष्ट झाली. लोक घरबसल्या ते टेबल पाहू लागले. कुणी परत केलं ते कळत नसे, फक्त काय परत आलं तेवढं. भाऊसाहेब म्हणाले, ठीक आहे, तूर्तास राहू द्या. शालू मला म्हणाली, "आपल्या इथलं तूर्तास म्हणजे जन्माचं समज."

नंतर ती आजारी पडली. बेसा भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या पलंगावर, उशाशी फोन. मी बोलत असायची आणि तिचं लक्ष टेबलाकडे. "थांब वं… ते सुतारकामाचं कोणीतरी नेलं." आणि डोळे मिटून ती त्या माणसाचं घर रंगवत बसायची. आता तो रंधा काढत असेल, बायको ओरडत असेल, घरभर भुसा होत असेल… त्या खोलीत बसून आम्ही अशी कितीतरी अनोळखी घरं हिंडून आलो.

ती गेल्यावर सवयीनं मी फोनवर टेबल उघडलं. रिकामं. दुसऱ्या दिवशीही रिकामं, पुढेही रिकामंच. मला वाटलं, काढलंच शेवटी. मृणालनं आईच्या उशाशी राहिलेलं एक पुस्तक परत करायला माझ्याकडे दिलं होतं, पक्ष्यांवरचं. ते घेऊन मी तणतणतच गेले. पाहते तर टेबल जागच्या जागी होतं. त्यावर पांढरी स्वच्छ चादर, शालूचा फोटो, हार, मेणबत्ती, आणि पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलेलं, 'कृपया येथे पुस्तके ठेवू नयेत'. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले होते. "मॅडमच्या नावानं कायमचं ठेवलं जी टेबल. आता कोणी नाही काढणार."

रागवायला आलेली मी… पण त्या माणसावर काय रागावणार? जे काढायला निघाले होते तेच आता जपायला उभे होते. मी एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, पुस्तकं नसली तं तिले नाही करमणार इथं." मग त्यांनीच मेणबत्ती विझवली, फोटो उचलून देवघेवीच्या खिडकीपाशी नेला आणि चादरीची घडी घातली. मी पक्ष्यांचं पुस्तक चिप वाचणाऱ्या यंत्राखाली धरून टेबलावर ठेवलं. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता, शालू तिथवर पोचली होती. आयुष्यभर लोकांचे असे कोपरे मी सरळ करत आले. या कोपऱ्याला हात लावला नाही.

मी बाकावर टेकले. थोड्या वेळानं भाजीची पिशवी सावरत एक बाई आत आल्या, टेबलाशी थबकल्या, पुस्तक चाळता चाळता त्या दुमडलेल्या पानाशी थांबल्या. "कोणाचं तरी वाचायचं राह्यलं वाटते हे," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "नेऊ का मी?"

"न्या," मी म्हणाले. "तिथूनच पुढं वाचा."