वितळल्यावर बघायचं

जानेवारीतल्या पक्षाघातानंतर बाबांना पातळ काही गिळता येईना. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागे. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा हा माणूस आता पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायचा. मला त्याचीच धास्ती वाटायची.

मे महिन्यात अकोल्यात काय होतं ते सांगायला नको. जठारपेठेतल्या आमच्या गॅलरीखालून गोळ्याची गाडी गेली आणि बाबा म्हणाले, "गार." आठवड्यातला त्यांचा पहिला शब्द. मी ठरवलं, गार द्यायचंच.

गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी एक खूण सांगितली. थंड पदार्थ पूर्ण वितळू द्यायचा, मग चमचा तिरपा करायचा. पाण्यासारखा ओघळला तर देऊ नका, म्हणाल्या.

मी ओट्यावर बशा मांडल्या. बर्फाचा गोळा म्हणजे रंगीत पाणीच, तो बाद. महागडं आइसक्रीम बघता बघता दुधासारखं पातळ झालं. ज्याच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'फ्रोजन डेझर्ट' छापलेलं असतं, ते वनस्पती तेलाचं मात्र ऐटीत उभं. हेच जिंकणार असं वाटलं, तर शेवटी वर फेस आणि खाली पाणी. गाडीवरची कुल्फी त्यातल्या त्यात बरी, पण तीही ओघळलीच.

मग मीच दूध आटवायला घेतलं. तीनदा फसले. घरचे म्हणाले, सोड आता. सोडते कशाला? चौथ्यांदा खवा घातला आणि खांदा भरून येईपर्यंत ढवळलं. वेलची, पिस्ता काही नाही. घशात कण अडकला तर? ही कुल्फी वितळली तरी चमच्याला धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. बाबांना ताठ बसवून त्यांनी स्वतः पहिला चमचा भरवला. बाबांनी गिळला. ठसका नाही. दुसराही गेला. तिसऱ्याला त्यांच्या कपाळावर आठी चढली आणि मी पुढे धावले.

"इलायची काहून नाही टाकली वं?" शब्द जड होते, पण सगळे कळले.

मला रडू फुटलं. रडता रडताच मी ओरडले, "काहून म्हणजे? तुमच्या घशात अटकली असती म्हणून!"

चार महिन्यांतलं आमचं ते पहिलं भांडण.