बिनगजराचं घर

मास्तरांच्या घरात घड्याळं तीन होती, पण एकालाही तोंड उघडायची मुभा नव्हती. गजर म्हणून कुणी लावायचा नाही. कुणाला उठवायचं झालं, तर पायाशी जाऊन त्याच्या पायाचा अंगठा हलकेच दाबायचा, डोळे उघडेपर्यंत थांबायचं आणि मगच बोलायचं. दाराला घंटी नव्हती, कडी होती, तीही हळू वाजवायची. शेजारी हसायचे. जावई तर लग्नानंतर सासरवाडीला पहिल्यांदा राहिला, तेव्हा सकाळी अंगठा कुणी धरला म्हणून अशा काही किंकाळ्या मारत उठला, की सगळं घर दचकून जागं झालं.

ही रीत मास्तरांच्या आईची. तिचा थोरला मुलगा एकवीस वर्षांचा होता. कामावर लवकर जायचं म्हणून त्याने उशाशी गजर लावला. गजर वाजला, तो उठून बसला आणि तसाच आडवा झाला, तो कायमचा. हृदय थांबलं, एवढंच तेव्हाचे डॉक्टर सांगू शकले. लोक म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आईने कुणाशी वाद घातला नाही. ते घड्याळ तिने नदीत नेऊन टाकलं आणि नऊ वर्षांच्या धाकट्याला दुसऱ्या दिवसापासून अंगठा दाबून उठवायला लागली.

तो धाकटा म्हणजेच आपले शिंपीमास्तर. मागून कुणी 'भो' केलं की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पोरांनी नावच ठेवलं होतं, दचकू. त्यावर मास्तरांनी उपाय शोधला तो मोठ्या आवाजाचा. आपणच आधी ओरडून बोललं, की दुसरा कोण दचकवणार? बासष्टाव्या वर्षीही ते गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप असं पुकारायचे, की समोरच्या फुटपाथवरच्या माणसालाही ते कळावं. बारीक होण्याची इच्छा या दुकानात अनेकांना झाली असेल.

आणि मग नात पडली. तिला घरात टिकली म्हणत, वय वर्षं नऊ. शाळेत ती फळ्यापाशी उभी असताना डोक्यावरची नवी विजेची घंटा वाजली आणि पोर जागच्या जागी कोसळली. मिनिटभराने उठून तिने पाणी मागितलं. पण लेकीने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मास्तर कात्री तशीच टाकून निघाले.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी टिकलीच्या ठोक्यांचा आलेख काढलेला कागद नीट पाहिला. म्हणाल्या, "काठावरचा आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. काही घराण्यांत तो वेळ जन्मापासूनच जास्त असतो. अशा माणसाला अचानक आवाजाने धक्का बसला, तर ठोके भरकटतात. पण एकट्या हिच्या कागदावरून ठाम सांगता येणार नाही. घरातल्या सगळ्यांच्या छातीला यंत्र लावू, दोन दिवस ठोके सलग टिपू. मोठ्यांत काही सापडलं, तर हिचंही उलगडेल. रक्तही तपासायला पाठवू, पण त्याला महिने लागतात."

मास्तरांनी यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. मोठ्यांत नाही सापडलं, तर पोर सुटली! माप उलट्या बाजूने घेतलं होतं त्यांनी, पण मायेपुढे शहाणपण चालत नाही.

यंत्रवाल्या बाईंनी त्यांच्या छातीला पट्ट्या चिकटवल्या, वायरी जोडल्या, काडेपेटीएवढी डबी कमरेला अडकवली आणि एक छोटी वही दिली. केव्हा काय केलं, काय वाटलं, ते वेळेसकट लिहायचं. मास्तरांनी घरी येताच दुकानाला कुलूप घातलं, फोन बंद केला, कानात कापूस कोंबला आणि आरामखुर्चीत देवासारखे बसले. दोन दिवस जोरात खोकलेसुद्धा नाहीत.

दोन दिवसांनी यंत्रवाल्या बाईंनी वही उघडली. 'सकाळी आठ, बसलो आहे. नऊ, बसलो आहे. दहा, अजून बसलेलोच आहे.'

"मास्तर, तुम्ही रोज असेच बसता?"

"छे! दुकान कोण चालवणार?"

"मग हे काय? फोटो काढायला बसलात?"

मास्तरांनी वही ओढून मिटली. म्हणाले, "माझा कागद चांगला निघाला, तर पोरीचाही चांगला निघेल ना, बाई? तिच्यात माझ्याकडून काही गेलं नाही, असं ठरेल ना?"

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. त्या स्टूल ओढून जवळ बसल्या. "अहो, श्वास रोखून धरलेल्या माणसाच्या कमरेचं माप घेता तुम्ही?"

"नाही. शर्ट उसवतो."

"तेच सांगतेय. तुमचा रोजचा दिवस दिसला नाही, तर डॉक्टर पोरीला औषध कशाच्या भरवशावर देतील? तुम्ही लपवलंत, तर तिचं लपून राहील. आणि ती पुन्हा पडेल."

पट्ट्या पुन्हा लागल्या. या खेपेला मास्तरांनी दुकान उघडलं, भांडले, हसले, दोन जिने चढले. वहीत एक नोंद होती: 'दुपारी चार दहा. माप घेताना गिऱ्हाइकाच्या खिशातला फोन कानाशी वाजला. दचकलो. अंधारी आली. लहानपणापासून येते. आजवर कुणाला सांगितलं नाही.'

चार दहाच्या कागदावर ते सगळं होतं. सरळ चाललेले ठोके फोनसरशी वेडेवाकडे झाले होते आणि काही क्षणांनी आपोआप वाटेवर आले होते. लेकीच्या कागदावरही तोच लांबलेला वेळ दिसला. टिकलीचं निदान पक्कं झालं.

"म्हणजे माझ्याकडूनच," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू निघाला, की लेकीने चमकून पाहिलं.

"बाबा, तुम्ही काय मुद्दाम दिलंत?" तिने त्यांचा हात धरला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या कागदामुळे आज ही सापडली, हे लक्षात घ्या. तिघांनाही रोज गोळी. दर वर्षी असंच यंत्र लावून धोका किती ते बघत राहू. शाळेला मी पत्र देते, वर्गातली घंटा काढायला. आणि हे घरी भिंतीला लावा." त्यांनी सूचनांचा कागद पुढे केला.

मास्तरांनी चष्मा लावला. पहिली सूचना गोळीची. दुसरी, न विचारता कुठलंही औषध घेऊ नये. तिसरी त्यांनी वाचली आणि पुन्हा वाचली. 'झोपेच्या खोलीत गजर, फोन ठेवू नये. झोपलेल्याला मोठ्याने हाक मारू नये, हलक्या स्पर्शाने उठवावे.'

"आमची आई शाळेत गेली नव्हती हो," एवढंच ते बोलू शकले. मग चष्मा काढून ते सगळ्यांसमोर रडले. तिचं त्यांनीही हसं केलं होतं, लोकांच्या देखत कितीदा तरी. तिने एक मुलगा गमावला आणि तिच्या रीतीने दुसऱ्याला त्रेपन्न वर्षं सांभाळलं, तेही कारण ठाऊक नसताना.

रविवारी मास्तर जेवून आरामखुर्चीत पेंगले होते. पायाच्या अंगठ्यावर काहीतरी हलकेच दाबलं गेलं. त्यांनी डोळे उघडले. टिकली पायाशी उकिडवी बसली होती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. त्यांचे डोळे पुरते उघडेपर्यंत ती थांबली.

मग म्हणाली, "आजोबा, गोळी. मी माझी घेतली."